कंसातली ओळ

मायरन यांचिकने पंचवीस वर्षं किंचाळून पोट भरलं, असं नँटिकोक गावात म्हणतात. ते तितकंसं खरं नाही. पोट भरलं शाळेच्या पिवळ्या बसने. सकाळी साडेसहाला तो बस काढी, दुपारी तीनला पोरांना घरोघर सोडी, आणि या सगळ्यात त्याचा आवाज कधी चढत नसे. मागच्या सीटवर मारामारी जुंपली तरी तो आरशात बघून फक्त "बसा" म्हणायचा आणि पोरं बसायची. किंचाळणं उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी आणि शनिवार-रविवारसाठी राखून ठेवलेलं होतं.

बँडचं नाव 'ग्रेव्ह फॉर नोव्हेंबर'. नोव्हेंबरसाठी थडगं. त्या काळी मेटलकोर, म्हणजे किंचाळत गायचं दणदणीत रॉक, वाजवणाऱ्या बँडच्या नावात एखादा महिना, एखादी आग किंवा एखादं मरण असावं असा दंडक होता. यांनी तिन्हींपैकी दोन घेतली आणि आग बाजूच्या गावातल्या बँडला सोडली. गावात सगळे नुसतं 'नोव्हेंबर' म्हणत. त्यामुळे पिझ्झाच्या दुकानात असे संवाद होत:

"नोव्हेंबर कधी आहे?"

"मार्चमध्ये."

"आणि नोव्हेंबरमध्ये?"

"नोव्हेंबरमध्ये सगळे हरणाच्या शिकारीला जातात."

बँडमध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत टिकलेले दोघेच. गाणारा मायरन आणि गिटारवाला कारमेन फालझोन. कारमेन दिवसा नळकाम करी, आणि चांगलं करी. ड्रमवाले मात्र अकरा झाले. पहिला सैन्यात गेला, दुसरा धर्मोपदेशक झाला, तिसऱ्याला चौथ्याच्या बहिणीने पळवलं. सातवा ओहायोतल्या एका पेट्रोल पंपावर उतरला तो परत गाडीत बसलाच नाही. दरवर्षी नाताळला त्याचं कार्ड येतं. मायरन कुणाबद्दलही वाईट बोलत नसे. प्रत्येकाचं नाव घेताना "काय हात होता त्याचा!" एवढंच म्हणे, आणि अकराही जणांच्या बाबतीत ते खरं होतं.

ज्यांनी ही गाणी ऐकलेली नाहीत त्यांच्यासाठी इतकंच, की गाणं आधी घोड्यासारखं उधळतं. मग मध्येच सगळी वाद्यं एकदम मंदावतात आणि जड पावलांनी, थांबून थांबून, घाव घालतात. या जागेला ब्रेकडाउन म्हणतात. लोक याच जागेसाठी येतात. समोरच्या मोकळ्या जागेत हातपाय झाडत एकमेकांवर आदळतात, आणि त्यात कुणी पडला की आजूबाजूचे चौघे सगळं सोडून त्याला आधी उभा करतात. कुणाला सांगावं लागत नाही. उभा केल्यावर परत आदळतात.

नोव्हेंबरचं नाव झालं ते पहिल्या तबकडीतल्या चौथ्या गाण्यामुळे. गाण्याचं नाव 'तळघर', आणि त्याच्या ब्रेकडाउनला मायरन एक ओळ किंचाळे. त्या ओळीला सगळा हॉल एक शब्द ओरडायचा.

"अस्पष्ट!"

ओरडताना दोन्ही हात डोक्याच्या दोन बाजूंना गोलसर वर न्यायचे. म्हणजे कंस. चारशे लोक चारशे कंस करून उभे राहिले की विंगेतून पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येई. वूस्टरमध्ये एकाने तो शब्द कंसासकट दंडावर गोंदवून घेतला, मग शेकड्यांनी गोंदवला. जर्मनीत लाइपझिगला एक न्हावी भेटला, त्याने मानेवर गोंदवला होता. त्याने मायरनला विचारलं, "याचा अर्थ काय?"

"ऐकू आलं नाही, असा."

"याचा अर्थ काय?" न्हाव्याने जरा मोठ्याने विचारलं.

आता हा शब्द गाण्यात आला कसा, ते सांगायला हवं. तो कुणीही लिहिलेला नव्हता. तो मायरनच्या आईने टाइप केला होता.

डोलोरेस यांचिक एकतीस वर्षं जिल्हा कोर्टात लघुलेखिका होती. साक्षीदाराच्या पायाशी बसायचं, छोट्या यंत्रावर बोटं चालवायची, आणि जो जे बोलेल ते अक्षरन्‌अक्षर कागदी पट्टीवर उतरवायचं. रडत बोललेलं, दारू पिऊन बोललेलं, दात नसताना बोललेलं. न्यायाधीशसाहेब म्हणाले, "वाचून दाखवा," की ती खुनाचा कबुलीजबाबही रेल्वेचं वेळापत्रक वाचावं तशा सपाट आवाजात वाचे. भावना घालायची नाही, हा त्या धंद्याचा नियम.

एकोणीसशे नव्याण्णव साली पहिली तबकडी निघायची होती आणि कंपनीला शुक्रवारपर्यंत गाण्यांचे शब्द हवे होते. मायरनची वही जीन्सच्या खिशातून धुण्याच्या यंत्रात गेली होती. शब्द पुन्हा लिहून द्यायला तो टाळाटाळ करत होता. आठवत नाही म्हणाला. एकोणीस वर्षांचा होता, स्वतःच लिहिलेलं आठवत नव्हतं म्हणे. तेव्हा कारमेनने, मायरनला न विचारता, कॅसेट उचलली आणि थेट यांचिकांच्या स्वयंपाकघरात नेली.

"मिसेस यांचिक, तुम्ही तर कुणाचंही बोलणं टिपता."

"बोलणं टिपते. हे काय आहे?"

"मायरन आहे."

तिने कानाला यंत्र लावून तीन संध्याकाळी ती कॅसेट ऐकली. शुक्रवारी सकाळी कंपनीला जे बाड गेलं ते कोर्टाच्या शिरस्त्याप्रमाणे होतं. पानाला पंचवीस ओळी, प्रत्येक ओळीला क्रमांक, बोलणाऱ्याच्या नावाच्या जागी 'गायक', आणि शेवटी तिची सही: 'वरील नोंद खरी, अचूक व पूर्ण आहे.' कंपनीला वाटलं, ही यांची कल्पकता. तसंच्या तसं छापलं. चौथ्या गाण्याच्या सतराव्या ओळीत लिहिलेलं होतं: गायक: (अस्पष्ट).

मायरनने ते पान पाहिलं तेव्हा त्याने पहिल्यांदाच देवाचे आभार मानले. कारण ती ओळ तो आईला कळू नये म्हणूनच विसरला होता.

त्याच्या दोन वर्षं आधीचा फेब्रुवारी. डोलोरेस सव्वाचारला कोर्टातून आलेली. दिवसभर लोकांचं ऐकून आलेल्या बाईचा घरात एक नियम होता, की पाच वाजेपर्यंत तिच्याशी कुणी बोलायचं नाही. डोळे मिटून ती स्वयंपाकघरात बसे, आणि नवरा आणि मुलगा शेजारून मांजराच्या पावलांनी जात. त्या दिवशी अँडी यांचिक, पेन्सिलींच्या कारखान्यातून पाळी संपवून आलेला सरळ मनाचा माणूस, दारात उभा राहिला आणि म्हणाला, "डोली, छातीत कसंतरी होतंय." तिने डोळे न उघडता काहीतरी म्हटलं. अँडी "बरं" म्हणाला, तळघरात घर तापवायच्या शेगडीत कोळसा घालायला उतरला, आणि पाच वाजता तिने हाक मारली तेव्हा वर आला नाही.

मायरन जिन्यात होता. त्याने ऐकलं होतं.

म्हणून ती ओळ: 'पाच वाजता सांग म्हणालीस, पाचपर्यंत बाबा उरले नाहीत.' ती त्याने बत्तीस राज्यांत आणि नऊ देशांत किंचाळली. शेवटच्या मोजणीला बाराशेच्या वर प्रयोग झाले होते. शब्द घशातून असा फाडून काढायचा की त्याचं फक्त रक्त दिसावं, अक्षर दिसू नये, ही त्याची कला होती. समीक्षकांनी तिची तारीफ केली. घरी आला की तो आईची नळाची चकती बदलून देई, रविवारी तिला चर्चला नेई. तिच्या स्वयंपाकघरात रेडिओ अखंड चालू असे, ती एकटी असली तरी. ती त्याच्या कार्यक्रमाला मात्र कधी आली नाही. कुणी विचारलं तर म्हणे, "मी कागद वाचलाय."

असं चोवीस वर्षं छान चाललं. मग कंपनीच्या ग्रेचनबाईंचं पत्र आलं. पहिल्या तबकडीला पंचवीस वर्षं होतात, नवी आवृत्ती काढतोय, गावच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी कार्यक्रम ठेवू या, जिथे पहिला झाला होता तिथेच. आणि एक विनंती. या वेळी सतरावी ओळ छापावी. लोक पंचवीस वर्षं वाट पाहतायत. कागद आपल्या मातोश्रींनीच टाइप करावा, खाली तशीच सही असावी.

पत्र मायरनच्या आधी कारमेनने वाचलं होतं, आणि मिसेस यांचिकना सांगूनही आला होता.

"तू तिला सांगितलंस?"

"खूश झाल्या रे. यंत्र काढून तेल घालत बसल्यात."

"कारमेन, तू आयुष्यात एकदा तरी मला आधी विचार."

"नव्याण्णवला विचारलं असतं तर आपण अजून चर्चच्या तळघरात वाजवत असतो. काय आहे तरी काय त्या ओळीत?"

मायरनने पत्राची घडी घालून ते खिशात टाकलं. त्याच्यासमोर प्रश्न सरळ होता. खरी ओळ दिली तर एकोणऐंशी वर्षांची बाई स्वतःच्या हाताने ती टाइप करणार, खाली सही करणार, आणि मग जगभरच्या पोरांच्या दंडावर ते गोंदलं जाणार. तेव्हा त्याने दुसरी ओळ तयार केली. बसमध्ये, शाळा सुटायच्या आधी, हजेरीच्या कागदामागे: 'मी अंधारातून वर आलो.' चांगली होती. कुठल्याही बँडला चालली असती.

शनिवारी दुपारी तो आईकडे गेला. टेबलावर मेणकापडावर यंत्र, शेजारी चष्मा, शेजारी कालच्या पिझ्झाचे दोन तुकडे. रेडिओवर पोल्का नाचाची धून वाजत होती. डोलोरेसने केस सेट करून घेतले होते, जणू न्यायाधीश येणार होते.

"बस. ओळ सतरा. सांग."

मायरनने घसा साफ केला. "मी अंधारातून वर आलो."

तिची बोटं यंत्रावर होती, पण हलली नाहीत.

"पुन्हा."

"मी अंधारातून वर आलो."

"लहान आहे."

"काय लहान आहे?"

"तिथे जागा मोठी आहे. तू दोनदा श्वास घेतोस. या ओळीला कुणी दोनदा श्वास घेत नाही, लेका."

"गाण्यात ओढून म्हणतो गं."

"तू ओढत नाहीस. तू तोडतोस." ती उठली. शिवणाच्या कपाटातून तिने बुटांचं एक खोकं काढलं. आत कागदाच्या घड्या घातलेल्या पट्ट्या, रबर लावलेल्या, वर तारीख घातलेली. कोर्टाची सवय. मूळ पट्टी कधी टाकायची नाही. तिने एक पट्टी उलगडली, चष्मा चढवला, आणि हात लांब करून रेडिओ बंद केला.

मायरनने आईला रेडिओ बंद करताना पाहिल्याला सत्तावीस वर्षं झाली होती.

मग तिने वाचलं. मान सरळ, आवाज सपाट, रेल्वेच्या वेळापत्रकाचा.

"ओळ सतरा. गायक. 'पाच वाजता सांग म्हणालीस, स्वल्पविराम, पाचपर्यंत बाबा उरले नाहीत.' पूर्णविराम." तिने चष्मा काढला. "विरामचिन्हं माझी."

बाराशे वेळा जे फाडून फाडून म्हटलं, ते या एवढ्याशा आवाजात त्याने पहिल्यांदाच ऐकलं. त्याने विचारलं:

"तुला ऐकू आलं होतं?"

"पहिल्याच संध्याकाळी. उरलेल्या दोन संध्याकाळी मी बाकीची गाणी केली. ती जास्त अवघड होती."

"आई..."

"तू कुठे होतास?"

"जिन्यात."

"मला वाटलं सरावाला गेलायस."

"बूट राहिले होते."

तिने मान हलवली, जशी ती साक्षीदाराने पत्ता सांगितल्यावर हलवत असे. मग म्हणाली, "पण ओळ चुकीची आहे."

"चुकीची?"

"मी 'सांग' नाही म्हणाले. 'पाच वाजता बोलू या, अँडी,' असं म्हणाले." तिने पट्टीवर बोट ठेवलं. "'सांग' म्हणजे त्याने सांगायचं आणि मी बघणार ऐकायचं की नाही. 'बोलू या' म्हणजे मी बोलणार होते. आणि मी त्याचं नाव घेतलं होतं. तू नाव गाळलंस."

"जिन्यातून मला..."

"जिन्यातून शेवटचं नीट आलं नसेल. होतं तसं."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी पानं उडवायचं यंत्र चालवत होतं. ते बंद होईपर्यंत दोघं थांबली. बोलताना मध्ये आवाज आला तर थांबायचं, हीही कोर्टाचीच सवय, मायरनला तिने लहानपणीच लावलेली.

"मग तू 'अस्पष्ट' का लिहिलंस?" त्याने विचारलं. "तुला कळलं होतं, तर?"

"काय लिहिणार होते?" डोलोरेसला हा प्रश्न खरोखर विचित्र वाटलेला दिसला. "साक्षीदार चुकला तर लघुलेखकाने दुरुस्त करायचं नसतं. साक्ष त्याची असते. आणि चुकलंय हे मला ठाऊक असताना तसंच टाइप करून खाली 'खरी, अचूक व पूर्ण' म्हणून सही करायची? तेही होईना. एक रात्र विचार केला. मग कंस घातला. एकतीस वर्षांत तेवढंच एक खोटं लिहिलं मी, आणि ते लोक अंगावर गोंदवून फिरतात."

मायरन हसला. हसू नाकातून आलं आणि डोळ्यांतून बाहेर पडलं. तिने पिझ्झाचा तुकडा त्याच्याकडे सरकवला.

"थंड आहे."

"चालेल."

खाऊन झाल्यावर ती परत यंत्रापाशी बसली. "मग काय छापायचं? साक्ष तुझी आहे. तू ठरव. जुनी ठेवायची तर जुनी, मी टाइप करीन."

"कंस राहू दे."

"ठरलं?"

"ठरलं. लोकांच्या दंडाचा प्रश्न आहे."

तिने तसं टाइप केलं. शेवटी सहीजवळ जरा थांबली, आणि मग लिहिलं: 'वरील नोंद खरी व अचूक आहे.' 'पूर्ण' हा शब्द तिने या वेळी गाळला. ग्रेचनबाईंच्या ते लक्षातही आलं नाही. त्या फक्त जरा खट्टू झाल्या.

पुढचे तीन आठवडे मायरनने रिकाम्या बसमध्ये, डेपोच्या मागच्या भिंतीकडे तोंड करून, एका ओळीचा सराव केला. नव्या शब्दांना श्वास वेगळा लागत होता. डेपोतल्या बाईने खिडकीवर टकटक केली, "मायरन, बरा आहेस ना?" तो म्हणाला, "काम करतोय."

रविवार आला. दुपारी दोनचा खेळ. हॉलच्या स्वयंपाकघरात अग्निशमन दलाच्या बायका बटाट्याची धिरडी तळत होत्या, जशा त्या लग्नाला, बिंगोला आणि दुखवट्यालाही तळतात. प्रेक्षक आले. एकेकाळी भिंतीवर चढणारी ती पोरं आता पंचेचाळिशीची होती. गुडघ्याला पट्टे होते, कानात बोळे होते, काहींची मुलं खांद्यावर होती. अकरा ड्रमवाल्यांपैकी चौघे आले होते. धर्मोपदेशक झालेला दुसरा ड्रमवाला वाद्यं उतरवायला मदत करत होता. सातव्याचं कार्ड आलं होतं.

डोलोरेस कारमेनच्या गाडीतून आली. चर्चचा कोट, पर्स मांडीवर. टी-शर्ट विकायच्या टेबलाशेजारी तिला घडीची खुर्ची दिली, आणि दलाच्या कॅप्टनने स्वतः आणून कानावर नारिंगी टोप्या चढवल्या, यंत्राने रस्ता फोडताना घालतात त्या.

"मिसेस यांचिक, फार मोठा आवाज असेल हं."

"मी एकतीस वर्षं वकील ऐकले आहेत," ती म्हणाली.

पहिली तीन गाणी तिने नाटकाला बसावं तशी बसून काढली. समोर एक दांडगा इसम आडवा झाला आणि चौघांनी त्याला उचलून उभा केला, तेव्हा तिने संमतीदर्शक मान हलवली. चौथं गाणं सुरू झालं तशी तिने टोप्या काढून टी-शर्टांच्या ढिगावर ठेवल्या आणि पर्स जमिनीवर ठेवली. हात मांडीवर मोकळे झाले.

गाणं उधळलं. मग वाद्यं मंदावली. कारमेनने गिटारवर पहिला घाव घातला, दुसरा घातला, आणि साडेचारशे माणसांनी हात डोक्यावर नेले.

"अस्पष्ट!"

त्या आवाजाखाली मायरनने आपली ओळ म्हटली. त्याने ती फाडली नाही. जेवढा घसा उरला होता तेवढ्याने, एकेक अक्षर ओठांवर ठेवत, टेबलाकडे तोंड करून म्हटली. हॉलमध्ये कुणाला ती ऐकू जाणं शक्य नव्हतं. पण एकतीस वर्षं साक्षीदारांच्या ओठांखाली बसलेली बाई मान वर करून बघत होती, आणि तिची दहाही बोटं कोटाच्या कापडावर, यंत्र नसताना, हलत होती.

कार्यक्रम संपला. लोक निघाले, बायकांनी उरलेली धिरडी कागदात बांधून वाटली. मायरन घामाने निथळत टेबलापाशी आला. घसा पार बसला होता. आईने कोटाची बटणं लावली, पर्स उचलली.

"आलं?" त्याने खरखरत विचारलं.

"मधल्या एका जागी तुझ्या हनुवटीचा घाम आडवा आला. बाकी आलं."

"'अँडी' आलं?"

"आलं," ती म्हणाली. "आता घरी जाऊन लिहिते. तुझ्या सामानाच्या पेटाऱ्याला हात लावू का?"

"नको, जड आहे."

तिने तरी एका बाजूने धरला.